सायीविना दाटपणा : देवणी परिसरातील वासंतिक भाज्यांचे सूप

भाजीचे सूप दाट आणि मऊ लागते ते दोन कारणांनी. एक, त्यातले पाणी मोकळे वाहत नाही. कशात तरी अडकून राहते. दुसरे, जिभेला टोचेल असा कण त्यात उरत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकात ही दोन्ही कामे बहुधा घट्ट मलईवर सोपवलेली असतात. अमेरिकेत हेवी क्रीम या नावाने विकल्या जाणाऱ्या मलईत किमान ३६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. या स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब सूपभर पसरतात, पाण्याची वाट अडवतात आणि जिभेवरून गुळगुळीत सरकतात. तिच्यात स्निग्धांश भरपूर आणि फाटणारी प्रथिने थोडी असल्यामुळे टोमॅटोसारख्या आंबट भाजीतही ती सहसा फाटत नाही. हा तिचा मोठा सोयीचा गुण आहे. मात्र पाणी धरून ठेवणे आणि जिभेला मऊ लागणे ही कामे करणारे पदार्थ दुधाबाहेरही पुष्कळ आहेत. धान्याचे पीठ, शिजून विरघळलेली डाळ, तेलबियांचे दूध, पीठ लावलेले ताक आणि भाजीचा स्वतःचा गर हे त्यांतले प्रमुख. या पुस्तकाचा विषय हे पाच मार्ग आणि त्यांतून होणारी वसंत ऋतूतल्या भाज्यांची सुपे हा आहे.

या विषयासाठी देवणीची निवड सहेतुक आहे. लातूर जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या या गावाचे नाव एका गोवंशाला मिळाले आहे. देवणी गाय दुधाला आणि देवणी बैल शेतकामाला, असा हा दुहेरी उपयोगाचा वंश. अंगावरच्या रंगावरून त्याचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार ओळखले जातात. ज्या भागाची ओळखच दुभत्या गाईशी जोडलेली आहे, तिथल्या पातळ भाजीत साय किंवा मलई मात्र जवळजवळ कुठेच दिसत नाही. याचे कारण दुधाच्या अर्थव्यवहारात आहे. दूध आणि साय या उष्ण मुलखात टिकत नाहीत. तूप महिनोन्महिने टिकते. म्हणून दूध विरजायचे, दही घुसळायचे, लोणी काढायचे आणि ते कढवून तूप करायचे, हा घराघरातला क्रम होता. तूप सण, पाहुणा, बाळंतीण आणि बाजार यांच्यासाठी राखले जाई. रोजच्या स्वयंपाकाच्या वाट्याला येई ते ताक. पुढे दूध संकलन सुरू झाले, उदगीरला शासकीय दूध भुकटी प्रकल्प उभा राहिला, धाराशिव जिल्ह्यात कुंथलगिरीचा खवा नावारूपाला आला. तेव्हाही स्निग्धांशाची वाट घराच्या भाजीकडे नव्हे, तर बाजाराकडेच राहिली. भाजी दाट करण्याचे काम त्यामुळे शेतातल्या दाण्याने उचलले. पिढ्यान्‌पिढ्या उचललेल्या या कामातून दाटपणाचे एक पूर्ण शास्त्र तयार झाले, आणि ते मलईची उणीव भरून काढणारे पर्यायी शास्त्र नसून स्वतःच्या पायावर उभे असलेले शास्त्र आहे, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

या शास्त्राचा सर्वांत देखणा नमुना वेळ अमावस्येच्या पानात सापडतो. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बीदर, कलबुरगी भागात कुटुंबेच्या कुटुंबे शेतात जेवायला जातात. लातूरकडे या सणाला येळवस म्हणतात. त्या दिवशीच्या जेवणात भज्जी आणि आंबील यांना पहिला मान असतो. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पालक, कांद्याची पात अशा हाताशी येतील त्या भाज्या एकत्र शिजवून, त्यांना चिंचेचा आंबटपणा आणि हरभऱ्याच्या पिठाचा दाटपणा देऊन केलेली ही पळीवाढी भाजी. घराघरात तिची यादी बदलते, पण बांधणी तीच राहते. आंबील ज्वारीचे पीठ आणि ताक यांची, लसूण-जिऱ्याच्या वासाची, पिण्याजोगी दाट. हिरव्या भाज्यांचे मिश्रण, पिठाने दिलेला दाटपणा आणि ताकाचा मऊ आंबटपणा ही वासंतिक सुपाची तिन्ही अंगे या दोन पदार्थांत आधीच हजर आहेत. येळवस हिवाळ्यात येते, वसंतातल्या भाज्या त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. पण रीत तीच लागू पडते.

या भागाची पाककला लिखित स्वरूपात फार जुनी आहे आणि फार तुटकही आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे आणि त्यात डाळींच्या व दह्याताकाच्या पदार्थांची वर्णने येतात. ती कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. देवणीहून फार दूर नाही. त्यानंतर छापील मराठी पाकग्रंथांपर्यंत यायला काही शतके गेली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी घराला मोजून-मापून स्वयंपाक करायला शिकवण्याचे मोठे काम या ग्रंथांनी केले. पण त्यांची जडणघडण मुख्यतः मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांत झाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कानडी आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या चुली इथे शेजारी-शेजारी पेटत होत्या. या चुलींवरचे आळण, येसर, म्हाद्या, गरगट्टा हे पदार्थ बहुतांशी तोंडी परंपरेत राहिले. सासूने सुनेला, आईने लेकीला हाताच्या अंदाजाने शिकवलेले हे ज्ञान आता कागदावर, ग्रॅम आणि मिनिटांत उतरवण्याची गरज आहे.

मलईच्या सुपाचा इतिहासही इथे थोडक्यात सांगायला हवा, कारण दाट सूप म्हणजे मलईचे सूप ही समजूत त्यातून आली. फ्रान्समधल्या ओग्युस्त एस्कोफिए या आचाऱ्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथात दाट सुपांची पद्धतशीर वर्गवारी आहे. गर वाटून केलेली प्युरे, मलईने पूर्ण होणारी क्रेम आणि अंड्याचा बलक व मलई यांनी बांधलेली व्हलुते हे तिच्यातले मुख्य वर्ग. मोठ्या हॉटेलांनी यांतली क्रेम उचलली. इंग्रजी क्लब, रेल्वे आणि शहरी हॉटेले या वाटेने 'क्रीम ऑफ टोमॅटो' भारतात रुळले, आणि आज तालुक्याच्या गावातल्या लग्नातही सुपाचे टेबल मांडले जाते. पण त्याच फ्रेंच परंपरेतल्या प्युरे वर्गाला मलईची मुळात गरज नाही. गाजराचे क्रेसी सूप तांदळाने दाट होते, पार्मांतिए बटाट्याने आणि सँ-जर्मँ ताज्या हिरव्या वाटाण्याने. स्पेनमध्ये गास्पाचोला शिळा पाव आणि ऑलिव्ह तेल दाट करतात, तर आहो ब्लांकोला बदाम. ग्रीसमधल्या आव्गोलेमोनोत अंडे आणि लिंबू हे काम करतात. पश्चिम आफ्रिकेत शेंगदाण्याचे दाट सूप हे रोजचे अन्न आहे. जगभरच्या शेतकरी समाजांनी दाटपणा आपापल्या कोठारातून घेतला. देवणी परिसराचे कोठार ज्वारी, हरभरा, तूर, शेंगदाणा आणि करडई यांचे आहे.

पहिला मार्ग पिठाचा. भाजीच्या रसात कालवून लावलेल्या पिठाला आळण म्हणतात आणि त्यावरून अशा भाजीलाही तेच नाव मिळते. पिठातल्या स्टार्चचे कण गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात. ज्वारीच्या स्टार्चला त्यासाठी साधारण ७० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्याआधी कितीही ढवळले तरी रस दाट होत नाही, आणि एकदम उकळत्या रसात कोरडे पीठ टाकले तर प्रत्येक गाठीचे बाहेरचे कवच फुगून आतले पीठ कोरडेच राहते. म्हणून पीठ आधी थंड पाण्यात किंवा ताकात कालवायचे, मग सावकाश धार धरायची. एक लिटर सुपाला २५ ते ४० ग्रॅम पीठ पुरते. हरभऱ्याच्या पिठाचा कच्चा वास जायला किमान दहा मिनिटांची मंद उकळी लागते. ज्वारीचे पीठ चवीला सौम्य असते आणि भाजीचा रंग फारसा झाकत नाही, पण ते बारीक दळलेले आणि चाळलेले हवे. मराठवाड्याचे येसर हे याच कुळातले: धान्ये, डाळी आणि मसाला भाजून एकत्र दळलेले पीठ, लग्नकार्यातल्या आमटीचा आधार. कोरडे भाजल्याने पिठाची दाट करण्याची ताकद थोडी कमी होते आणि सुगंध वाढतो. म्हणून सुपात येसर दाटपणासाठी एकटे न वापरता चवीसाठी चमचाभर घालणे योग्य.

दुसरा मार्ग डाळीचा. गरगट्टा या नावाने ओळखली जाणारी भाजी म्हणजे अनेक पालेभाज्या डाळीबरोबर मऊ शिजवून घोटून एकजीव केलेली भाजी. डाळ स्टार्च आणि प्रथिने अशी दोन्ही देते, म्हणून तिचा दाटपणा नुसत्या पिठापेक्षा भरीव लागतो. सुपासाठी मूगडाळ सर्वांत सोयीची. लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मूगडाळ पूर्ण शिजवून वाटली की ती भाजीत विरून जाते आणि आपली चव पुढे करत नाही. तूरडाळीला स्वतःची ठळक चव असते. शेवगा, लाल भोपळा अशा तितक्याच ठाम भाज्यांशी तिची जोडी जमते. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीलाही ते त्याच वर्षी मिळाले. देवणीच्या शेजारचे हे तिन्ही जिन्नस एका वाडग्यात सहज एकत्र येतात. मात्र क्रम सांभाळावा लागतो. आंबट पाण्यात डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून चिंच, कैरी किंवा चुका डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचा.

तिसरा मार्ग तेलबियांचा, आणि मलईच्या सर्वांत जवळ जाणारा. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे निम्मे तेल आणि साधारण पाव भाग प्रथिने असतात. भिजवलेले दाणे पाण्याबरोबर बारीक वाटले की तेलाचे सूक्ष्म थेंब सुटतात आणि दाण्यातलीच प्रथिने त्यांच्याभोवती वेढा घालून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतात. मलईची रचनाही तत्त्वतः अशीच असते. लातूर-सोलापूरकडचा म्हाद्या याच गुणावर उभा आहे; त्यात शेंगदाणे हाच भाजीचा मुख्य ऐवज असतो. सुपासाठी मात्र दाणे भाजावे की भिजवावे हे आधी ठरवावे लागते. भाजलेल्या दाण्याचे कूट खमंग चव आणि तपकिरी छटा देते. कच्चे दाणे चार-पाच तास भिजवून, साले काढून वाटले तर पांढरे, सौम्य दूध मिळते आणि हिरव्या भाजीचा रंग शाबूत राहतो. लिटरभर सुपाला ४० ते ६० ग्रॅम दाणे पुरतात. वाटताना पाणी आधी अगदी थोडे घालून लगदा गुळगुळीत करायचा, मगच पातळ करायचे. सुरुवातीलाच भरपूर पाणी घातले तर कण पात्यातून निसटतात आणि दूध खरबरीत राहते.

करडईचे दूध ही याच कुळातली, आता विरळ होत चाललेली रीत. करडईचे दाणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळले की टरफल मागे राहते आणि पांढरे दूध खाली उतरते. मराठवाड्यात त्याची खीर होते. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात कुसबीच्या म्हणजे करडईच्याच दुधात गव्हाची हुग्गी शिजते. गोडाच्या पदार्थांत टिकून राहिलेले हे दूध लाल भोपळा किंवा गाजर यांच्या सुपातही उत्तम काम करते. तीळ, जवस आणि कारळ यांचाही उपयोग होतो, पण तो बेताने: तिळाला कडवट झाक येते, कारळाने रंग काळवंडतो आणि जवस पाण्यात बुळबुळीत होतो.

चौथा मार्ग ताकाचा. दही किंवा ताक तापवले की त्यातले केसीन हे प्रथिन गोळा होऊन पाणी सुटते; यालाच ताक फाटणे म्हणतात. कढीत हे घडत नाही, कारण घुसळतानाच त्यात हरभऱ्याचे पीठ मिसळलेले असते. फुगलेले स्टार्च प्रथिनांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. चाकवताची आणि पालकाची ताकातली भाजी याच तत्त्वावर होते. अर्धा लिटर ताकाला दोन चमचे पीठ, मंद आच आणि पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळणे, एवढे पाळले की पुरे. मीठ शेवटी घालण्याची घरोघरची रीतही सांभाळावी. अधिक मऊपणा हवा असेल तर ताकाऐवजी घट्ट गोडसर दही घ्यावे, पण पिठाची साथ सोडू नये. मलईच्या सुपाला जी किंचित आंबूस, दुधाळ चव असते ती देणारा हा एकमेव मार्ग आहे.

पाचवा मार्ग भाजीच्या स्वतःच्या गराचा. लाल भोपळा, बटाटा, गाजर आणि वाटाणा या भाज्या शिजून वाटल्या की बाहेरून काहीही न घालता दाट होतात. ताज्या हिरव्या वाटाण्यात किंवा ओल्या हरभऱ्यात स्टार्च आणि प्रथिने दोन्ही असतात. ५०० ग्रॅम दाण्यांना पाऊण लिटर पाणी हे प्रमाण मध्यम दाट सूप देते. शेवग्याच्या शेंगा उकडून, चमच्याने गर खरवडून तो चाळणीतून घासला तर दोरे मागे राहतात आणि हातात येतो तो अतिशय रेशमी गर. पालेभाज्यांचे मात्र वेगळे आहे. पालक, मेथी, कांद्याची पात यांच्यात पाणी फार आणि स्टार्च नगण्य. वाटल्यावर त्या दाट दिसतात, पण वाडग्यात काही मिनिटांत वर चोथा आणि खाली पाणी असे वेगळे होतात. त्यांना आधीच्या चारांपैकी एकाचा आधार द्यावाच लागतो. बटाटा वापरताना एक काळजी घ्यायची: मिक्सरमध्ये जोरात फिरवलेला बटाटा चिकट होतो, म्हणून तो हाताने कुस्करून किंवा चाळणीतून घासून घ्यायचा.

वसंत ऋतू पंचांगात चैत्र-वैशाखाचा असला तरी या भागातल्या मांजरा नदीच्या खोऱ्यात भाजीचा वसंत माघात सुरू होतो आणि चैत्राच्या मध्यापर्यंत संपत येतो. रब्बीची काढणी, विहिरींची उतरती पातळी आणि वाढते ऊन यांनी ही मुदत ठरते. माघात ओला हरभरा, वाटाणा, गाजर, पालक, मेथी आणि चाकवत भरपूर असतात. फाल्गुनात शेवग्याच्या शेंगांना बहर येतो, नवी चिंच घरात येते, कांद्याची पात आणि कोथिंबीर अजून कोवळी मिळते. चैत्रात पालेभाजी कमी होते. लाल भोपळा, दोडका, दुधी आणि कोवळी कैरी यांच्यावर भागवावे लागते. सुपेही त्याच क्रमाने बदलतात. ओला हरभरा आणि पालक यांना शेंगदाण्याचे दूध, चाकवताला पीठ लावलेले ताक, गाजराला ज्वारीच्या कण्या, शेवग्याला मूगडाळ आणि वरून कैरीचा आंबटपणा, लाल भोपळ्याला करडईचे दूध. भाजीत जे नाही ते जोडीदाराने द्यायचे, हा जोड्या जुळवण्याचा नियम आहे. गोड भाजीला आंबट, पाणचट भाजीला पिठूळ, उग्र भाजीला स्निग्ध.

वसंतातल्या सुपाचा हिरवा रंग टिकवणे हे वेगळे कसब आहे. पानांतले हरितद्रव्य आम्ल आणि दीर्घ उष्णता यांनी बदलते आणि भाजी मळकट पिवळट-हिरवी दिसू लागते. झाकण ठेवून शिजवले की भाजीतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर न जाता पुन्हा भांड्यातच पडतात. म्हणून पालेभाजी उघड्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटेच शिजवायची आणि लगेच गार करायची. खायचा सोडा घातल्याने रंग खुलतो, पण क जीवनसत्त्वाचा नाश वाढतो आणि पाने गिळगिळीत होतात. तो टाळणेच बरे. दाट करणारा घटक वेगळा पूर्ण शिजवून घ्यायचा आणि हिरवी भाजी त्यात शेवटी मिसळायची, म्हणजे पिठाला मिळायला हवा तेवढा वेळ मिळतो आणि पानांना नको तेवढी आच लागत नाही. आंबटपणा सर्वांत शेवटी, वाढण्याच्या आधी.

गुळगुळीतपणाचा प्रश्न पूर्वी पाटा-वरवंटा आणि रवी यांनी सोडवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी आलेल्या मिक्सरने तो फार सोपा केला. तरीही चाळणीला पर्याय नाही. मिक्सरमधून काढलेले सूप बारीक चाळणीतून गाळले की वाटाण्याची साले आणि पालकाच्या शिरा निघून जातात. मलईचे सूप आणि घरचे सूप यांत जिभेला जाणवणारा फरक बहुतेक वेळा या एका पायरीचा असतो. गरम रस बंद भांड्यात फिरवताना वाफेने झाकण उडते, म्हणून तो आधी कोमट होऊ द्यायचा. शेवटचा हात फोडणीचा. स्निग्ध पदार्थ चव वाहून नेतो, आणि मलई नसलेल्या सुपाला ती वाहतूक थोड्या तेलातुपाने मिळते. करडीच्या तेलात किंवा घरच्या तुपात तांबूस केलेला लसूण, जिरे आणि चिमूटभर हिंग हे दोन चमच्यांत काम करतात.

हा विषय आज महत्त्वाचा का, याची कारणे शेतात, बाजारात आणि घरात आहेत. मराठवाड्याच्या शेतात सोयाबीनचा विस्तार झाला, तशी ज्वारी आणि करडई मागे हटली. जे पीक पानात राहत नाही ते शेतातही फार काळ राहत नाही. करडईचे दूध काढता येणारी शेवटची पिढी गेली तर करडईला कारखान्यातल्या तेलाखेरीज घरगुती उपयोग उरणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीकडे पुन्हा लक्ष गेले, पण भाकरीपलीकडे ज्वारीचे काय करायचे हा प्रश्न शहरी घरांत अजून खुला आहे. सुपातले पीठ आणि कण्या हे त्याचे एक सोपे उत्तर आहे. पाण्याचा प्रश्न तर या जिल्ह्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चारा आणि पाणी घटले की दूध घटते. त्या काळातही कोठारातली डाळ आणि दाणे हाताशी असतात, आणि भाजी दाट करायला तेच पुरतात.

घरातली कारणे अधिक जवळची आहेत. डबाबंद मलई महाग पडते, तालुक्याच्या गावात ती नेहमी मिळत नाही आणि उघडल्यावर लवकर खराब होते. पाकिटातल्या सुपात दाटपणा बहुधा मक्याच्या पिठाचा असतो, भाजी थोडी आणि मीठ बरेच. डाळ, ज्वारी आणि शेंगदाणा यांनी दाट केलेले सूप प्रथिने आणि तंतू दोन्ही देते. दात नसलेल्या वृद्धांना, आजारातून उठणाऱ्यांना आणि लहान मुलांना ते जेवणाची जागा भरून काढणारे ठरते. दुधातली साखर न पचणाऱ्यांना किंवा दूध वर्ज्य करणाऱ्यांना ताकाचा मार्ग सोडून बाकी चारही मार्ग खुले आहेत. सायीविना म्हणजे स्निग्धाविना मात्र नव्हे. शेंगदाण्यात तेल भरपूर असते आणि काही व्यक्तींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. अशा घरांत डाळीचा किंवा गराचा मार्ग धरावा.

हे पुस्तक पाककृतींची यादी देण्यापेक्षा रीत शिकवण्याचा प्रयत्न करते. त्याची मांडणी भाज्यांच्या अकारविल्ह्याने नसून दाटपणाच्या पाच मार्गांनी आणि माघ ते चैत्र या ऋतुक्रमाने केलेली आहे. एक मार्ग हाताखालून गेला की त्यावर कोणतीही भाजी बसवता यावी, हा त्यामागचा हेतू. येळवसेची भज्जी, आंबील, आळण, गरगट्टा, म्हाद्या, ताकातली भाजी हे मूळ पदार्थ प्रत्येक भागाच्या आरंभी त्यांच्या घरगुती स्वरूपात येतात आणि त्यांच्यापासून सूप कसे तयार होते हे पुढे दाखवले जाते. मूळ पदार्थांना हॉटेलातल्या पानासारखे रूप देण्याचा यत्न त्यात नाही. भज्जी ही भज्जीच राहते. सूप तिच्याकडून तत्त्व घेते. ज्यांनी मराठवाड्याचे पान पाहिलेले नाही अशा पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या मराठी वाचकालाही ही रीत वापरता यावी, म्हणून प्रत्येक ठिकाणी तत्त्व सांगितले आहे, मगच जिन्नस. तिकडे करडई मिळत नसेल तर सूर्यफुलाचे दाणे, चाकवत नसेल तर पालक, ओला हरभरा नसेल तर गोठवलेला वाटाणा चालतो.

पुस्तकाची मर्यादाही ठरवलेली आहे. मांसाहारी रस, पावसाळी रानभाज्या आणि गोड खिरी हे विषय स्वतंत्र ग्रंथांचे आहेत; त्यांचा उल्लेख फक्त तुलनेपुरता येतो. दिलेली मापे मध्यम दाट सुपाची आहेत. धान्याचा वाण, दळण, डाळीचे वय आणि पाण्याचा जडपणा यांनुसार ती थोडी बदलतात, म्हणून प्रत्येक मापासोबत रस कसा दिसावा याची खूणही दिली आहे: पळीच्या पाठीवर पातळ थर धरून राहणारा आणि त्यावर बोट फिरवले तर रेघ न मिटणारा. ही खूण ओळखता आली की माप पाहण्याची गरज उरत नाही, आणि वाचकाला तिथपर्यंत पोहोचवणे एवढेच या पुस्तकाचे काम आहे.